जीपगाडीचें सुकाणूं

बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणारा राजूरचा घाट जे जुन्या जीपगाडींत बसून उतरले असतील, त्यांचें लक्ष हांकणाराच्या खांद्यांकडे एकदां तरी गेलें असेलच. रस्ता वळतो तसे ते खांदे वळतात, मान ताठ होते, दंडाच्या शिरा फुगतात, आणि वळण सरलें कीं हांकणारा एक हात सोडून घामेजलेला पंजा हळूच मांडीवर पुसतो. गाडी ओढण्याचें काम एंजिन करतें. ती थांबविण्यास तेल आणि ब्रेक आहेत. परंतु वळविण्याचें काम मात्र जुन्या जीपमध्यें माणसाच्या हाडामांसाकडेच राहिलें आहे. तें काम यंत्राच्या स्वाधीन करावें कीं नाहीं, आणि करावयाचें झाल्यास कोणत्या बेतानें, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

ह्या जिल्ह्याची भूमीच अशी आहे कीं, सुकाणूचें महत्त्व येथें पावलोपावलीं पटावें. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्यांतून आडवी गेली आहे. तिच्या उत्तरेच्या उतारावर पडणारा पाऊस नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा ह्या नद्यांच्या वाटेनें पूर्णेस व पुढें तापीस मिळतो. दक्षिणेकडे पडणारा पैनगंगा आणि खडकपूर्णा ह्यांच्या संगतीनें गोदावरीच्या दिशेनें जातो. एका सरीच्या पाण्याची पूर्व आणि पश्चिम समुद्रांत वांटणी करणाऱ्या प्रदेशांत रस्ते सरळ असावे, अशी अपेक्षा करणें व्यर्थ आहे. मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद, संग्रामपूर ह्या पूर्णेच्या खोऱ्यांतील भागांत घाट नाहीं. पण तेथें काळी जमीन आहे. उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाच्या दमदार सरीनंतर तीच जमीन चाकास अशी बिलगते कीं, चाक आणि मडगार्ड ह्यांच्यामधील मोकळी जागा चिखलानें गच्च भरून जाते. आणखी उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशीं अंबाबरव्याच्या जंगलाकडे जाणाऱ्या वाटांवर गोट्यांचें राज्य आहे. डिसेंबर २०२२ मध्यें नागपूर ते शिर्डी एवढा भाग खुला झालेला समृद्धि महामार्ग मेहकर व सिंदखेड राजा ह्या बाजूंनीं जातो, आणि त्यावर स्टिअरिंग एका बोटानें धरून गप्पा मारणारे पुष्कळ भेटतात. परंतु महामार्ग सोडून शेताच्या वाटेस लागलें कीं एका बोटाचें काम राहत नाहीं.

पूर्वीं ह्याच वाटांवर दमण्या आणि रेंग्या चालत. बैलगाडीस सुकाणूं नव्हतें. धुरकऱ्यानें कासरा किंचित् ओढला कीं बैल वळे, आणि बैलामागें गाडी वळे. वळविण्याची शक्ति बैलाची, इशारा तेवढा माणसाचा. नीट पाहिलें तर ज्यास आज पॉवर स्टिअरिंग म्हणतात त्याची मूळ कल्पना हीच आहे, आणि जीप आल्यावर वऱ्हाडांतील शेतकरी ह्या एका बाबतींत बैलगाडीहून मागें गेला असें विनोदानें म्हणतां येईल.

जीप ही मूळची लष्करी गाडी. १९४१ पासून अमेरिकन सैन्याकरितां मोठ्या संख्येनें बनूं लागलेली विलिस जीप वजनानें सुमारें अकराशें किलो होती. एंजिन पेट्रोलचें, टायर अरुंद, आणि हांकणारे विशी-पंचविशींतील शिपाई. अशा गाडीस साधें दांत्यांचें सुकाणूं पुरेसें होतें. महायुद्ध संपल्यावर सैन्यानें मोडींत काढलेल्या जीपगाड्या हिंदुस्थानांत ठिकठिकाणीं फिरूं लागल्या. १९४५ सालीं निघालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र आणि महिंद्र ह्या नांवानें चालूं लागलेल्या कंपनीनें मुंबईंत सुट्या भागांतून जीप जोडण्यास आरंभ केला, व पुढें ती गाडी येथेंच बनूं लागली. मग तिचें रूप पालटत गेलें. पेट्रोलच्या जागीं डिझेल एंजिन आलें. तें जड, आणि त्याचा भार बहुतांशीं पुढल्या चाकांवर. चिखलांत रुतूं नये म्हणून मालकांनीं रुंद टायर चढविले. गोट्यांना पोट लागूं नये म्हणून स्प्रिंगांपाशीं ठोकळे घालून गाडी उंच केली. ह्या साऱ्या सुधारणा आपापल्या परीनें उपयुक्त होत्या. पण त्यांतील प्रत्येकीची किंमत हांकणाराच्या दंडांनीं भरली. आणि शिपाई विशींतला होता. आज ती जीप ज्याच्या हातीं आहे तो पुष्कळदां साठींतला असतो.

सुकाणूं जड कां होतें हें समजण्यास मोठ्या शास्त्राची गरज नाहीं. टायर जमिनीस जेथें टेकतो तेथें त्याचा तळहाताहून थोडा मोठा ठसा पडतो. गाडी उभी असतांना चाक वळवावयाचें म्हणजे तो ठसा जमिनीवर घांसून फिरवावयाचा. टायर रुंद केला, हवा कमी ठेविली, वर वजन वाढविलें, कीं घर्षण वाढलेंच. त्याच्याशीं झगडण्यास हांकणाराजवळ तरफेवांचून दुसरें साधन नसतें. सुकाणूचक्राचा दांडा खालीं एका लोखंडी पेटींत जातो. तेथें त्याचा मळसूत्री भाग फिरला कीं पेटींतून बाहेर आलेला एक आंखूड हात मागेंपुढें झुलतो. त्यास मिस्त्री लोक पिटमन आर्म म्हणतात. त्याच्या टोकास ड्रॅग लिंक, आणि पुढें दोन्ही चाकांस जोडणारा टाय रॉड. पेटींतील दांत्यांचें प्रमाण बदलून चक्र हलकें करतां येतें. परंतु मग तेवढ्याच वळणास अधिक वेढे द्यावे लागतात, आणि घाटांतील आंकडेबाज वळणावर समोरून एस. टी. आली असतां वेढे मोजीत बसण्यास सवड नसते. जोरांत वांचवावें तर अंतरांत मोजावें लागतें, हा तरफेचा नियम शाळकरी मुलांसही ठाऊक असतो.

जुन्या सुकाणूचा दुसरा दोष शहरांतील मंडळींस सहसा माहीत नसतो. पुढचें चाक गोट्यावर आदळलें कीं तो हिसका उलट वाटेनें चक्रापर्यंत येतो, आणि चक्र हातांतून एकाएकीं फिरतें. म्हणून अनुभवी हांकणारे खडकाळ वाटेवर अंगठे चक्राच्या कड्याच्या आंत कधीं अडकवीत नाहींत; ते बाहेरून, बोटांच्या बाजूनेंच धरतात. ज्यानें हा धडा घेतला नाहीं त्याचा अंगठा सुजून तरी येतो किंवा मोडतो तरी.

वळविण्याच्या कामीं यंत्राची मदत घ्यावी हा विचार नवा नाहीं. फ्रान्सिस डेव्हिस नांवाचा अमेरिकन एंजिनियर पिअर्स-ॲरो ह्या कारखान्यांत मालमोटारींच्या विभागाकडे होता. जड मालमोटारी वळवितांना हांकणारांचे होणारे हाल त्यानें पाहिले होते. नोकरी सोडून त्यानें मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील वॉल्थॅम गांवीं तेलाच्या दाबावर चालणारें सुकाणूं तयार केलें, आणि १९२६ सालीं तें एका मोटारीवर बसवून मोठमोठ्या कारखानदारांस दाखविलें. जनरल मोटर्सनें त्याच्याशीं संधान बांधलें. पण मंदीच्या काळांत, १९३४ च्या सुमारास, खर्चाकडे पाहून हात आंखडला. पुढें दुसऱ्या महायुद्धांत चिलखती गाड्यांना तें बसवावें लागलें, कारण तेथें खर्चाचा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. साध्या ग्राहकास मिळणाऱ्या मोटारींत हें सुकाणूं १९५१ सालीं क्रायस्लरच्या इंपीरियल गाडींतून आलें, आणि तोंपर्यंत डेव्हिसच्या पहिल्या पेटंटांची मुदतही सरली होती. म्हणजे उपाय तयार होऊन पंचवीस वर्षें लोटलीं, आणि तेवढा काळ जगांतील ड्रायव्हर आपले दंड दुखवून घेत राहिले. आज ह्या जातीचीं सुकाणूं महाराष्ट्रांतही तयार होतात. पुणें जिल्ह्यांत वढु बुद्रुक येथें त्यांचा कारखाना आहे.

त्याची रचना मोठी मौजेची आहे. एंजिनाच्या पट्ट्यावर एक लहान पंप फिरतो आणि तेलास दाब देतो. हा दाब जोर लागेल तेव्हां दर चौरस सेंटिमीटरास शंभर किलोच्या घरांत जातो. तें तेल जाड रबरी नळीनें सुकाणूच्या पेटींत येतें. पेटींत एक दट्ट्या असतो, आणि त्याच्या एका किंवा दुसऱ्या बाजूस तेल सोडणारी झडप असते. चक्राचा दांडा आणि पेटी ह्यांच्यामध्यें पोलादाची एक बारीक कांब घातलेली असते. हांकणारानें चक्र फिरविलें, पण चाकांनीं दाद दिली नाहीं, कीं ती कांब किंचित् पिळली जाते. तेवढ्या पिळानें झडप उघडते, तेल दट्ट्यास ढकलतें, चाकें वळतात, कांबेचा पीळ सुटतो आणि झडप पुन्हां मिटते. हांकणारानें जेवढें मागितलें तेवढेंच मिळतें, आणि मागणें थांबलें कीं देणेंही थांबतें. एंजिन बंद पडलें तरी दांडा, पेटी आणि चाकें ह्यांचा लोखंडी सांधा तुटत नाहीं. गाडी वळते, मात्र पूर्वींपेक्षांही जड वळते. उतारावर डिझेल वांचविण्यासाठीं एंजिन बंद करून गाडी सोडण्याची ज्यांना खोड आहे, त्यांनीं हें वाक्य ध्यानांत ठेवावें. अशा गाडींत ही खोड जीवावर बेतणारी आहे.

आतां खामगांव-चिखलीकडील ज्या घरीं अशी जुनी जीप आहे, त्या घरांत हा वाद आज ना उद्यां निघतोच. मुलगा पुण्यास नोकरीला, तो दिवाळीस येतो, वडिलांना गाडी मागें घेतांना धापा टाकतांना पाहतो, आणि म्हणतो, “बाबा, आतां ह्या गाडीला पॉवर स्टिअरिंग बसवून टाकूं.” वडील म्हणतात, “अरे, चाळीस वर्षें हीच गाडी हांकली. हातांना रस्ता कळतो मला. तुझ्या त्या तेलाच्या नळ्यांत रस्ता कळेल का?” आई दोघांचें ऐकून घेते आणि विचारते, “नातवंडांना घेऊन घाट उतरायचा असतो, त्याचं बोला आधीं.” खरें पाहतां तिघांचेंही म्हणणें रास्त आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न बाजारांतून एक पेटी विकत आणून मिटण्यासारखा नाहीं.

चांगला मिस्त्री अशा वेळीं पेटीची किंमत सांगण्यापूर्वीं जॅक मागतो. पुढचीं चाकें अधांतरीं उचलून तो तीं हातानें वळवून पाहतो. अधांतरीं असूनही चाकें जड वळत असतील तर दोष टायरांचा नाहीं, वजनाचाही नाहीं. किंग पिनांत ग्रीस नाहीं, एखादें बेअरिंग गंजलें आहे, किंवा पेटींतील तेल गळून ती कोरडी पडली आहे. चाक वरखालीं धरून हलवितां खडखड वाजलें तर सांधे झिजले आहेत. टायरांतील हवा तो मापानें पाहतो, अंदाजानें नाहीं. पुष्कळ गाड्यांचें अर्धें ओझें ह्या तपासणींतच, कांहीं शेंकड्यांच्या खर्चांत उतरतें, आणि मग वडिलांस पॉवर स्टिअरिंगची गरज पूर्वींइतकी भासत नाहीं. हिसक्यांचाच त्रास असेल तर टाय रॉडला जोडावयाचा एक साधा डँपर मिळतो. तोही पुष्कळांस पुरतो.

ह्या तपासणीचें दुसरें एक कारण आहे, आणि तेंच ह्या साऱ्या विषयाचें मर्म होय. जुनें जड सुकाणूं हें एक प्रकारचें नाडीपरीक्षेचें साधन आहे. किंग पिन झिजूं लागली, टाय रॉडचा गोळा सैल झाला, कीं हांकणाराच्या तळहातास तें प्रथम कळतें; चक्र कोठें अडतें, कोठें मोकळें सुटतें, हें त्यास सांगावें लागत नाहीं. वडील “हातांना रस्ता कळतो” म्हणतात तें ह्याच अर्थानें. पॉवर स्टिअरिंग बसविल्यावर तेलाचा दाब ह्या सगळ्या तक्रारी मुकाट्यानें गिळून टाकतो. अडणारा सांधा तो ढकलून नेतो, आणि झिजलेला सांधा पूर्वींच्या दुप्पट जोरानें झिजवितो. मग जो बिघाड सहा महिने आधीं तळहातांत कळला असता, तो घाटाच्या वळणावर एकदमच कळतो. म्हणून नव्या सुकाणूचा पैसा हातांत घेण्याआधीं जुने सांधे बदलण्याचा पैसा बाजूस काढावा. तेवढी ऐपत नसेल तर गाडी आहे तशी जड राहूं द्यावी, हें अधिक सुरक्षित.

सांधे नवे झाले म्हणजे पेटीचा विचार. पुष्कळदां बोलेरोसारख्या नव्या गाडीची पेटी आणि पंप आणून जुन्या जीपवर बसवितात. येथें घाई केल्यास जो विनोद होतो तो ऐकण्यास बरा, अनुभवण्यास नव्हे: नव्या पेटीचा पिटमन आर्म जुन्याच्या उलट दिशेनें झुलत असला तर चक्र डावीकडे फिरवितां गाडी उजवीकडे जाते. तेव्हां पेटी विकत घेण्यापूर्वींच ती टेबलावर ठेवून, दांडा फिरवून, आर्मची दिशा आणि लांबी जुन्याशीं ताडून पाहावी. पुढें चेसिस. जुन्या जीपचा सांगाडा माणसाच्या दंडाचा जोर सोसण्यापुरता केलेला. आतां तेथें तेलाचा जोर येणार. पेटी जेथें बोल्टांनीं आंवळावयाची तेथें आंतून जाड पोलादी पट्टी घालून, भोंकांत नळीचे तुकडे बसवून ती जागा बळकट करावी लागते. असें न केल्यास भोंकांच्या कडेनें केसासारखी चीर निघते, वर्षभरांत ती बोटभर होते, आणि एके दिवशीं पेटीच चेसिसवरून हालूं लागते. हें काम रस्त्याच्या कडेच्या वेल्डिंगवाल्याचें नव्हे. आणि वेल्डिंगच्या वेळीं बॅटरीची तार काढून ठेवण्यास कोणी विसरूं नये.

ड्रॅग लिंकचा कोन ही तिसरी गोष्ट, आणि उंच केलेल्या गाड्यांत हीच सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. चाक खड्ड्यांतून वर आलें कीं ॲक्सल वर उचलला जातो. ड्रॅग लिंक जवळजवळ आडवी असेल तर त्यानें कांहीं बिघडत नाहीं. ती फार तिरपी असेल तर ॲक्सलच्या प्रत्येक उडीबरोबर चाकें आपोआप थोडीं वळतात, चक्र स्थिर धरलेलें असलें तरीही. हातांत हलकें सुकाणूं, रस्त्यावर खड्डा, आणि गाडी मनास येईल तिकडे! ह्याहून जड सुकाणूं शतपटीनें बरें. बाकीच्या गोष्टी थोडक्यांत सांगतां येतील: पंपाची पुली एंजिनाच्या पुलीशीं एका रेषेंत हवी, नाहींतर पट्टा उडतो, दाबाची नळी कारखान्यांत टोकें दाबून बसविलेलीच घ्यावी, चिमटा आंवळून केलेली घेऊं नये, आणि चाकांस शेवटच्या वळणावर अडविणारे ॲक्सलवरील खिळे आधीं नीट लावावे, म्हणजे पेटीतील दट्ट्या टोंकास जाऊन आदळणार नाहीं.

कित्येकांस विजेवर चालणारें सुकाणूं सोपें वाटतें, कारण त्यांत तेल नाहीं, नळ्या नाहींत. नव्या लहान मोटारींत तें उत्तम चालतेंही. परंतु त्याची मोटर जोर लागेल तेव्हां पुष्कळ वीज ओढते, आणि जुन्या जीपचा दमलेला डायनामो तेवढी पुरवूं शकत नाहीं. ट्रॅक्टरांवर दिसणारें, चक्र आणि चाकें ह्यांच्यामध्यें केवळ तेलाच्या नळ्या असलेलें सुकाणूंही कोणी सुचवितात. शेतांत संथ चालणाऱ्या ट्रॅक्टरास तें शोभतें. रस्त्यावर धांवणाऱ्या जीपमध्यें नळी फुटली तर हातांत फक्त फिरणारें कडें उरेल.

एक विषय असा आहे कीं, त्याची आठवण मिस्त्री करून देत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशील उत्पादकानें मुळांत ठरविलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. आणि केरळांतून आलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच बजाविलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें परवानगीवांचून केलेल्या बदलास प्रत्येक बदलागणिक पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही शिक्षा ठेविल्या आहेत. अपघात झाल्यास विम्याची कंपनी प्रथम हेंच विचारते, हेंही विसरतां कामा नये. म्हणून काम आरंभण्यापूर्वीं बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयांत लेखी विचारणा करावी. त्याच जातीच्या गाडीस उत्पादकानें पुढील काळांत असें सुकाणूं दिलें असल्यास नेमके तेच भाग घ्यावे आणि त्यांच्या पावत्या जपून ठेवाव्या. अशा वेळीं बोलणें सोपें जातें.

काम पुरें झाल्यावर गाडी तशीच रस्त्यावर काढूं नये. पुढचीं चाकें उचलून, एंजिन बंद ठेवून, चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळां सावकाश फिरवावें आणि टाकींत तेल घालीत राहावें; म्हणजे नळ्यांतील हवा बुडबुड्यांनीं निघून जाते. नंतर एंजिन चालूं करून पुन्हां तेंच. तेलावर दुधासारखा फेंस दिसला तर हवा अजून आहे. गाडी तासभर तशीच राहूं द्यावी. टोकास चक्र फार वेळ दाबून धरूं नये, कारण तेथें तेल आपल्याच दाबानें तापतें आणि पंप कण्हूं लागतो.

पहिली फेरी मोकळ्या मैदानावर, दुसरी गांवाबाहेरच्या सपाट रस्त्यावर. वळण घेऊन चक्र हलकेंच सोडलें असतां तें आपोआप सरळ होतें कीं नाहीं, हें तेथें पाहावें. न झाल्यास पुढच्या चाकांचा कोन मोजून घ्यावा. मग वडिलांना चक्रावर बसवावें आणि दोन-चार दिवस रिकाम्या गाडीनें फिरूं द्यावें, कारण चाळीस वर्षें जोर लावण्याची संवय असलेले हात हलक्या चक्रास सुरवातीस हवें त्याहून अधिक वळवितात. पांचशें किलोमीटर झाल्यावर पेटीचे बोल्ट पुन्हां आंवळावे, आणि पट्टीच्या कडेस बॅटरी लावून बारीक चीर दिसते का तें पाहावें. त्यानंतर घाट.